बाइटची रांग आणि तिचा अर्थ : सी भाषेतील स्ट्रक्चर, एनम आणि पॉइंटर

सी भाषा शिकवताना स्ट्रक्चर, एनम आणि पॉइंटर ही तीन स्वतंत्र प्रकरणे म्हणून मांडली जातात आणि बहुतेकांची गाडी पॉइंटरपाशी येऊन अडते. माझा अनुभव असा आहे की पॉइंटरला घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला कागदावर मेमरीचे चौकोन काढायला लावले की अर्धी भीती तिथेच सरते. म्हणून या लेखात तिन्ही गोष्टी त्या चौकोनांच्या आधारानेच समजावून घेऊ.

संगणकाची मेमरी ही बाइटची एक लांबच लांब रांग असते आणि रांगेतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकालाच पत्ता म्हणतात. रांगेतील लागोपाठचे चार बाइट उचलले, तर तो एक पूर्णांक आहे, दशांश संख्या आहे की चार अक्षरे आहेत, हे त्या बाइटकडे पाहून ओळखता येत नाही. तो अर्थ प्रोग्रामच्या मजकुरात असतो. कंपायलर तो वाचतो, त्यानुसार यंत्राच्या सूचना तयार करतो आणि मग विसरतो. प्रोग्राम चालू असताना मेमरीत फक्त बाइट उरतात. कशाच्या शेजारी काय ठेवले आहे हे स्ट्रक्चर सांगते, एखाद्या आकड्याचा अर्थ काय हे एनम सांगते आणि हवी ती वस्तू रांगेत कुठे आहे हे पॉइंटर सांगतो.

हे असे का झाले, याचे उत्तर भाषेच्या जन्मकथेत सापडते. सीच्या आधीच्या बी या भाषेत टाइप, म्हणजे किमतीचा प्रकार, नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक किंमत यंत्राच्या एका वर्डएवढी (वर्ड म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तो ठरावीक आकाराचा तुकडा) असे आणि पॉइंटर म्हणजे वर्डच्या रांगेतला एक क्रमांक असे. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ हे यंत्र आले तेव्हा पंचाईत झाली, कारण त्या यंत्रात पत्ता वर्डचा नसून बाइटचा होता. म्हणजे ‘पुढची वस्तू’ गाठण्यासाठी पत्त्यात किती मिळवायचे, हे वस्तूच्या आकारावर अवलंबून राहू लागले. सीचे जनक डेनिस रिची यांनी भाषेत टाइप आणले त्यामागे हे एक मोठे कारण होते. त्यांचे सहकारी केन टॉम्पसन यांनी १९७२ मध्ये सीच्या सुरुवातीच्या रूपात युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहून पाहिली आणि तो नाद सोडून दिला. तेव्हा भाषेत स्ट्रक्चर नव्हते. स्ट्रक्चर आल्यानंतर, १९७३ च्या उन्हाळ्यात, युनिक्सचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, सीमध्ये नव्याने लिहून झाले. एनमची भर त्यानंतर काही वर्षांनी पडली आणि १९८९ च्या मानकात त्याला अधिकृत जागा मिळाली.

आता एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत चालवू. एका सेन्सरची नोंद ठेवायची आहे. तिच्यात तीन गोष्टी आहेत: सेन्सर ठीक आहे की नाही हे सांगणारी ‘स्थिती’, मोजलेले ‘मूल्य’ आणि नोंदीचा ‘क्रमांक’. स्थितीसाठी १ बाइटचा कॅर (अक्षराचा टाइप), मूल्यासाठी ८ बाइटचा डबल (दशांश संख्येचा) आणि क्रमांकासाठी ४ बाइटचा इंट (पूर्णांकाचा) घेतला. बेरीज केली तर १३ बाइट होतात. पण घटक याच क्रमाने लिहून साइझऑफ या बाइटमधला आकार सांगणाऱ्या शब्दाने आकार विचारला, तर नेहमीच्या ६४ बिटच्या यंत्रावर उत्तर २४ येते. हे ११ बाइट कुठून आले?

कागदावर २४ चौकोन काढा आणि त्यांना ० ते २३ असे क्रमांक द्या. स्थिती चौकोन ० मध्ये बसते. मूल्य मात्र चौकोन १ पासून सुरू होऊ शकत नाही, कारण ८ बाइटचा डबल ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असावा अशी या यंत्रांवरची शिस्त आहे. म्हणून कंपायलर १ ते ७ हे सात चौकोन रिकामे सोडतो आणि मूल्याला ८ ते १५ देतो. क्रमांक १६ ते १९ मध्ये येतो. आता सगळे घटक संपले तरी स्ट्रक्चर संपत नाही, कारण अशा नोंदींचा अ‍ॅरे, म्हणजे लागोपाठ ठेवलेली रांग, केला तर दुसऱ्या नोंदीतील मूल्यही ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर यायला हवे; त्यासाठी शेवटी आणखी चार चौकोन रिकामे राहतात. या रिकाम्या जागेला पॅडिंग म्हणतात. सातात चार मिळवले की आपले अकरा बाइट जुळतात.

घटकांचा क्रम बदलून आधी मूल्य, मग क्रमांक आणि शेवटी स्थिती असे लिहिले, तर मूल्य ० ते ७, क्रमांक ८ ते ११, स्थिती १२ आणि शेवटी फक्त तीन रिकामे चौकोन, असे एकूण १६ बाइट लागतात. एक लाख नोंदी असतील तर २४ लाख बाइटऐवजी १६ लाख बाइटमध्ये काम भागते आणि त्यासाठी ओळींची जागा बदलण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही. सी भाषेत कंपायलरला घटकांचा क्रम स्वतःहून बदलण्याची मुभा नाही. तुम्ही लिहिला तोच क्रम मेमरीत उतरतो, म्हणून ही जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. मोठे घटक आधी आणि लहान नंतर, एवढे केले तरी बहुतेक वेळा पुरते. अर्थात चार-पाचच नोंदी असतील तर वाचायला सोयीचा क्रम ठेवावा. आठ बाइट वाचवण्यासाठी मजकूर दुर्बोध करण्यात काही हशील नाही.

पॅडिंगमुळे आणखी एक गोष्ट घडते. दोन स्ट्रक्चर ‘==’ ने ताडून पाहण्याची सोय सीमध्ये नाही. तेव्हा कोणीतरी युक्ती लढवतो की मेमसीएमपी या फंक्शनने दोन्हींचे सगळे बाइट ताडून पाहावेत. पण रिकाम्या चौकोनांत काय पडले आहे याची कोणीच हमी देत नाही, त्यामुळे तिन्ही घटक अगदी सारखे असूनही दोन नोंदी वेगळ्या ठरू शकतात. घटक एकेक करून ताडणे कंटाळवाणे असले तरी तोच खरा मार्ग आहे. ‘=’ ने नोंद नकलणे मात्र बिनदिक्कत चालते. गंमत अशी की दहा इंटचा उघडा अ‍ॅरे ‘=’ ने दुसऱ्या अ‍ॅरेत नकलता येत नाही आणि फंक्शनला दिला तर त्याच्या पहिल्या घटकाचा फक्त पत्ता जातो, पण तोच अ‍ॅरे स्ट्रक्चरमध्ये गुंडाळला की त्याचे चाळीसच्या चाळीस बाइट मुकाट्याने नकलले जातात.

आता पॉइंटरकडे वळू. पॉइंटर हे एक साधे व्हेरिएबल आहे. त्याची किंमत म्हणून दुसऱ्या कशाचा तरी पत्ता ठेवलेला असतो. ६४ बिटच्या यंत्रावर तो सहसा ८ बाइटचा असतो, मग तो एका कॅरकडे दाखवत असो की हजार बाइटच्या स्ट्रक्चरकडे. ‘&’ हे चिन्ह वस्तूचा पत्ता काढून देते आणि ‘*’ हे चिन्ह पत्त्यावरून वस्तूपर्यंत नेते. आपली नोंद पत्ता ५००० वर आहे आणि ‘प’ या पॉइंटरमध्ये ५००० हा आकडा आहे, असे समजा. ‘प + १’ म्हणजे ५००१ नव्हे. ‘प’ हा १६ बाइटच्या नोंदीचा पॉइंटर असल्याने ‘प + १’ म्हणजे ५०१६, अर्थात अ‍ॅरेमधली पुढची नोंद. पीडीपी-११ वर आलेल्या पंचाइतीचे उत्तर ते हेच: पत्त्यासोबत टाइप असल्यामुळे पाऊल केवढे टाकायचे हे कंपायलरला कळते.

पॉइंटरमार्फत घटकापर्यंत पोहोचताना नवशिक्यांना एक कंस छळतो. ‘*प.मूल्य’ असे लिहिले तर कंपायलर आधी टिंब पाहतो, कारण टिंबाचा अग्रक्रम ‘*’ पेक्षा वरचा आहे. मग तो म्हणतो की ‘प’ हे स्ट्रक्चर नाही, त्याला घटक कुठले? म्हणून ‘(*प).मूल्य’ असे लिहावे लागते आणि ते सारखे लिहिण्याचा कंटाळा येतो म्हणून ‘प->मूल्य’ हे रूप आहे. दोन्हींचा अर्थ एकच: ‘प’ मधला पत्ता घे, त्या स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून मूल्यापर्यंतचे अंतर त्यात मिळव आणि तिथले आठ बाइट डबल म्हणून वाच. घटकाचे नाव कंपायलरच्या लेखी शेवटी एक अंतर असते, हे इथे स्पष्ट दिसते.

स्ट्रक्चर आणि पॉइंटर यांची गाठ पहिल्यांदा पडते ती फंक्शनमध्ये. सीमध्ये फंक्शनला जे काही दिले जाते त्याची नक्कल जाते. नोंद दिली तर फंक्शन नकलेत बदल करते आणि परत आल्यावर मूळ नोंद जशीच्या तशी असते. ‘मी मूल्य बदलले, पण ते बदलतच नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. नोंदीचा पत्ता दिला तर नक्कल पत्त्याची होते, पण नकललेला पत्ताही त्याच घराचा असल्याने बदल मूळ नोंदीत होतो. मोठे स्ट्रक्चर फक्त वाचायचे असेल तेव्हाही नक्कल टाळण्यासाठी पत्ता द्यावा आणि टाइपच्या आधी कॉन्स्ट लिहावे, म्हणजे फंक्शनने चुकून लिहिण्याचा प्रयत्न केला तर कंपायलर तिथेच अडवतो. कॉन्स्टचा मी आग्रही आहे; फंक्शन फक्त वाचणार आहे की लिहिणारही आहे, हे त्या एका शब्दाने आत न डोकावता कळते.

पॉइंटर असलेले स्ट्रक्चर नकलताना मात्र जपावे. समजा नोंदीत सेन्सरचे नाव ठेवायचे आहे. ते वीस कॅरच्या अ‍ॅरेत ठेवले तर अक्षरे नोंदीच्या आतच राहतात आणि ‘=’ ने नक्कल केली की नावाचीही नक्कल होते. तेच कॅरच्या पॉइंटरने ठेवले तर नोंदीत आठ बाइटचा पत्ता असतो आणि अक्षरे दुसरीकडे कुठेतरी असतात; नक्कल केली की दोन नोंदी एकाच अक्षरमालेकडे बोट दाखवतात. एकीचे नाव बदलले की दुसरीचेही बदलते, आणि एकीसाठी ती मेमरी मोकळी केली की दुसरीच्या हातात पडक्या घराचा पत्ता उरतो. असे स्ट्रक्चर बाइटशः फाइलमध्ये लिहून दुसऱ्या दिवशी वाचले तर नावाऐवजी आदल्या दिवशीचा एक पत्ता हाती लागतो, आणि त्याला आता काही अर्थ नसतो.

एनमबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण या तिघांत ते दिसायला सर्वांत गरीब असते. आपली स्थिती आतापर्यंत एका कॅरमध्ये होती आणि ० म्हणजे ठीक, १ म्हणजे बंद, २ म्हणजे बिघाड, असा संकेत आपण मनात धरला होता. असे संकेत लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतात आणि सहा महिन्यांनी त्याच्याही डोक्यातून जातात. एनममध्ये ‘अज्ञात, ठीक, बंद, बिघाड’ अशी नावे लिहिली की कंपायलर त्यांना ०, १, २, ३ असे आकडे देतो. हेच डिफाइनने, म्हणजे मजकुरात नावाच्या जागी आकडा घालणाऱ्या सोयीने, करता येते, हे खरे. पण डिफाइनची नावे कंपायलरपर्यंत पोहोचण्याआधीच आकड्यांत विरघळून जातात, तर एनम वापरले की डीबगरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम तपासण्याच्या साधनात, ३ च्या जागी ‘बिघाड’ असे वाचायला मिळते. मी ‘अज्ञात’ मुद्दाम पहिले ठेवले आहे. कॅलॉक या फंक्शनने मागून घेतलेली मेमरी शून्यांनी भरलेली असते, तेव्हा भरायची राहून गेलेली नोंद ‘ठीक’ म्हणून मिरवण्याऐवजी ‘अज्ञात’ म्हणून उघडी पडते.

एनमने मेमरी वाढेल अशी शंका काहींना येते. नेहमीच्या कंपायलरमध्ये एनमचे व्हेरिएबल ४ बाइटचे असते. क्रम सुधारलेल्या आपल्या नोंदीत स्थिती चौकोन १२ वर होती आणि १३ ते १५ हे चौकोन रिकामेच होते. स्थितीला एनम केले की ती १२ ते १५ अशी चारही चौकोन व्यापते आणि नोंद १६ बाइटचीच राहते.

परंतु सीमधील एनम हे कुलूप नव्हे. स्थितीच्या व्हेरिएबलमध्ये ५७ हा आकडा ठेवला तरी सी त्याला हरकत घेत नाही. बाहेरून, म्हणजे फाइलमधून किंवा नेटवर्कवरून आलेली किंमत एनममध्ये ठेवण्यापूर्वी ती हद्दीत आहे का, हे आपणच तपासायचे असते. जीसीसी या कंपायलरमध्ये आणखी एक चकवा आहे: एनममधली कोणतीही किंमत ऋण नसेल तर हा कंपायलर त्या एनमचा टाइप सहसा चिन्हविरहित इंट धरतो. मग ‘स्थिती शून्यापेक्षा मोठी किंवा शून्याएवढी आहे तोवर एकेक कमी करत जा’ असा लूप लिहिला, तर शून्यातून एक वजा केल्यावर ऋण एकऐवजी भलामोठा धन आकडा मिळतो आणि लूप कधी संपतच नाही.

नवीन नाव कुठे घालायचे याचाही विचार करावा. ‘ठीक’ आणि ‘बंद’ यांच्यामध्ये ‘मंद’ असे नाव घुसवले की ‘बंद’ २ वरून ३ वर सरकतो आणि ‘बिघाड’ ३ वरून ४ वर. प्रोग्राम पुन्हा कंपाइल झाल्यामुळे आत सगळे सुरळीत चालते, पण जुन्या फाइलमध्ये ‘बिघाड’ म्हणून लिहिलेला ३ आता ‘बंद’ म्हणून वाचला जातो. कंपायलरला फाइल दिसत नाही, त्यामुळे तो सावध करत नाही. ज्या एनमच्या किमती बाहेर लिहिल्या जातात तिथे प्रत्येक नावापुढे आकडा स्वतः लिहावा आणि नवीन नाव शेवटी जोडावे.

एनमचा खरा फायदा स्विचमध्ये, म्हणजे किमतीनुसार वेगवेगळ्या केसकडे वळवणाऱ्या रचनेत, दिसतो. स्थितीवर स्विच लिहिला आणि ‘बंद’ची केस राहून गेली, तर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर, सावधगिरीच्या सूचना (वॉर्निंग) चालू ठेवल्या असतील तर, नेमके ते नाव घेऊन सांगतात की ही केस हाताळलेली नाही. स्विचमध्ये डीफॉल्ट, म्हणजे उरलेल्या सगळ्या किमतींसाठीची केस, लिहिले की ही सूचना गप्प होते. म्हणून एनमवरच्या स्विचमध्ये मी डीफॉल्ट लिहीत नाही; अनपेक्षित किमतीची तजवीज स्विचच्या खाली करतो.

आता मेमरी मागून घेण्याकडे येऊ, कारण किती नोंदी येणार हे आधी ठाऊक नसते. मॅलॉक या फंक्शनला किती बाइट हवेत ते सांगायचे, तो तेवढ्या जागेचा पत्ता देतो आणि जागा नसेल तर नल, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता, देतो. मी सुरुवातीच्या काळात केलेली एक चूक इथे सांगतो. ‘साइझऑफ(*प)’ लिहायच्या ऐवजी मी ‘साइझऑफ(प)’ लिहिले. पहिल्याचा अर्थ नोंदीचा आकार, म्हणजे १६; दुसऱ्याचा अर्थ पॉइंटरचा आकार, म्हणजे ८. आठ बाइटच्या जागेत मी सोळा बाइट लिहीत होतो आणि प्रोग्राम महिनोन्‌महिने व्यवस्थित चालत होता. कारण असे की लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीलिबसी या लायब्ररीतला मॅलॉक ६४ बिटच्या यंत्रावर ८ बाइट मागितले तरी प्रत्यक्षात वापरण्याजोगे २४ बाइट देतो. माझी चूक त्या उदारपणात झाकली गेली होती. पुढे नोंदीत वेळेसाठी एक डबल आणि पुढच्या नोंदीचा पॉइंटर असे दोन घटक जोडले आणि आकार ३२ झाला. शेवटचा घटक चौकोन २४ ते ३१ मध्ये आला. जीलिबसी तिथे नेमका पुढच्या तुकड्याचा आकार लिहून ठेवते. माझा पॉइंटर त्या आकड्यावर लिहिला गेला आणि प्रोग्राम बंद पडला तो मॅलॉकच्या आत, चुकीच्या ओळीपासून पार दूर. दोन दिवस मी नव्या घटकांना दोष देत बसलो होतो. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन लावून प्रोग्राम चालवला असता तर पहिल्याच दिवशी, सोळाव्या बाइटच्या आतच, त्याने ओळ क्रमांकासकट बोट ठेवले असते.

त्या नोंदीत जोडलेला ‘पुढची’ हा पॉइंटर म्हणजे लिंक्ड लिस्टचा, अर्थात एकीतून दुसरीचा पत्ता मिळणाऱ्या नोंदींच्या साखळीचा, पाया. नोंदीच्या आत तशीच दुसरी संपूर्ण नोंद ठेवता येत नाही, कारण मग आतल्या नोंदीत आणखी एक नोंद, तिच्यात आणखी एक, आणि आकार कधी ठरणारच नाही. तिचा पॉइंटर मात्र ठेवता येतो. पॉइंटर आठच बाइटचा असतो, मग तो कशाकडेही दाखवो, त्यामुळे नोंदीची व्याख्या अजून पुरी व्हायची असली तरी कंपायलर किती जागा सोडायची ते ठरवू शकतो. शेवटच्या नोंदीतील ‘पुढची’ नल असते आणि ती नल दिसली की साखळी संपली, असे समजायचे.

साखळी बांधण्यात सहसा फारशी चूक होत नाही. ती मोकळी करताना होते. ‘फ्री(प)’ म्हटल्यावर ‘प’ मधला पत्ता पुसला जात नाही, फक्त त्या पत्त्यावरची जागा आपली राहत नाही. मग पुढच्या ओळीत ‘प = प->पुढची’ असे लिहिले तर आपण सोडून दिलेल्या जागेत वाचत असतो. तिथे जुना पत्ता अजून शाबूत असेल तर सारे ठीक चालल्यासारखे भासते; मॅलॉकने ती जागा हिशेबासाठी वापरायला घेतली असेल तर भलताच आकडा पत्ता म्हणून हाती येतो. म्हणून आधी ‘पुढची’ एका वेगळ्या पॉइंटरमध्ये काढून ठेवायची, मग ‘प’ मोकळा करायचा, मग काढून ठेवलेला पत्ता ‘प’ मध्ये ठेवायचा, आणि तो नल होईपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा.